नियम तीन आणि माझी दोन उत्तरं

२८ जून २०१४
बिसेन सरांनी स्पर्धेचे नियम लिहायचं काम मला दिलं. "तुझं शुद्धलेखन चांगलं आहे, तूच लिही." मी बारावी नापास आहे हे त्यांना माहीत आहे. कॉम्प्युटर क्लासमधली निम्मी मुलं माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. माझं काम हजेरी घेणं, लॅब उघडणं, सी भाषेचे पहिले चार धडे शिकवणं. नियम करणं ही वेगळी गोष्ट आहे.
स्पर्धा अशी. आपण स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम घ्यायचा आणि तो अडाण्यालाही समजेल असा पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा. जो पहिला येईल त्याला देवरीच्या नव्या शाखेत शिकवायची नोकरी. बक्षीस कप असता तर मी एका बैठकीत नियम लिहिले असते. आधी कच्चं लिहितो.

२९ जून
सकाळपासून तेच. अकरा नियम झाले. कमी करून सात.
तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मागच्या वर्षी प्रोजेक्ट लिहून आणायला सांगितले होते तेव्हा दोघांनी नागपूरच्या भावाकडून करून आणले. विचारलं तर एकाला स्वतःच्या प्रोग्राममधला लूप कुठे आहे तेही दाखवता आलं नाही. म्हणून नि. ३: "व्हिडिओतील सर्व काम स्पर्धकाने एकट्याने करावे. दुसऱ्या व्यक्तीची मदत घेऊ नये."
चार वेळा वाचला. घट्ट वाटतो.

३० जून
सरांशी वाद. मी त्यांच्याशी कधी वाद घालत नाही. त्यांचं म्हणणं, व्हिडिओ फेसबुकवर टाकू, ज्याला जास्त लाइक तो पहिला. क्लासची जाहिरात होईल. मी म्हटलं, इथल्या गोरेगावच्या मुलाचे दोनशे मित्र फेसबुकवर, चिचगडच्या मुलीच्या घरी कॉल लागायला बांधावर जावं लागतं.
"अरे दिलीप, तू नियम लिहून राहिला का वकिली करून राहिला?"
पण मानलं त्यांनी. परीक्षक दोन. सर स्वतः आणि गोंदियाच्या पॉलिटेक्निकमधल्या एक मॅडम.
दुपारी नियम फळ्याशेजारी चिकटवले. शेवटी एक ओळ जोडली: "शंका असल्यास दिलीप यांना विचारावे." ही ओळ सरांची.

८ जुलै
मोबाइल रिचार्ज करायला चेतन पटलेच्या दुकानात गेलो. दुकान त्याच्या वडिलांचं, बसतो तो. क्लासमध्ये टायपिंग सगळ्यात जलद त्याचं. वडील म्हणतात शिकून काय करतो, काउंटर सांभाळ. त्याला देवरीची नोकरी त्यासाठीच हवी, काउंटरच्या बाहेर पडायला.
त्याने कागद दाखवला. त्याचा प्रोग्राम रांगेचा आहे, जो आधी आला तो आधी बाहेर. रेशन दुकानासमोर आई, काकू, शेजारचे तिघं असे रांगेत उभे करून दाखवणार होता. विचारलं, "दिलीपभाऊ, हे लोक फक्त उभे राहतील. चालेल ना?"
गिऱ्हाइकं ऐकत होती. मी म्हटलं, नि. ३ वाच. एकट्याने.
"बोलणार नाहीत हो ते. बस, खडे रहेंगे."
नियम म्हणजे नियम, म्हटलं. त्याने कागद माझ्यासमोरच फाडला, रागाने नाही, हसत. म्हणाला, "ठीक आहे, मग मोबाइलची कव्हरं उभी करतो रांगेत."
घरी येताना बरं वाटत होतं. एकदाही अडखळलो नाही.

१४ जुलै
सुनीता मेश्रामचा फोन, चिचगडहून, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. भाताची रोवणी चालू आहे म्हणून आठवडाभर क्लासला येणार नाही. एरवी आठवड्यातून दोनदा येते, देवरीला गाडी बदलून. तिची गाडी उशिरा आली की मी तिचा कॉम्प्युटर दुसऱ्याला देत नाही. एवढं मी करतो.
तिने विचारलं, "सर, बांधीत बाया हायेत आठ. त्याईले उंचीनं लावून दाखवतो मी. प्रोग्राम माहाच हाये. चालते का?"
आवाज तुटत होता. मागून बायांचं हसणं. कोणीतरी म्हणत होती, "इचार ना, मले पहिल्या नंबरावर ठेवतेस का!"
मी म्हटलं, चालेल.
कॉल कटला.
भाताच्या बांधीतल्या त्या बाया नुसत्या उभ्या राहणार. काम तिचंच. नि. ३ मध्ये बसतं असं वाटतं.

१४ जुलै, संध्याकाळ
नाही बसत. किंवा बसत असेल तर चेतनचं पण बसत होतं. तोच प्रश्न, सहा दिवसांत माझी दोन उत्तरं.
परत फोन लावला. शेजारी म्हणाला ती रोवणीवर आहे, सांगतो. काय सांगणार, मी निरोपच दिला नाही.
तिला नाही म्हणण्यापेक्षा चे.ला हो म्हणावं. ते बरोबर. उद्या सकाळी दुकानात.

१५ जुलै
दुकान बंद. ते लोक बालाघाटला पाहुण्यांकडे.

१७ जुलै
दुकानात गर्दी होती. समोरून गेलो. चहा घेतला. परत समोरून आलो.

१९ जुलै
आज गेलो. मी तोंड उघडायच्या आत चे. म्हणाला, "झालं शूटिंग भाऊ! तीन दिवस लागले. एक कव्हर सारखं पडायचं, त्याला मागून च्युइंगम लावला." मोबाइलवर थोडं दाखवलं. चांगलं होतं. त्याची आई मागून म्हणाली, "मेरे को हीरोइन बनाने वाला था, तुम्हारे नियम ने मना कर दिया."
सगळे हसले. मीही.
सांगितलं नाही.

२६ जुलै
शेवटची तारीख. अकरा व्हिडिओ आले. मी प्रत्येकाला नंबर दिला, नावं वेगळ्या कागदावर, कागद सरांच्या कपाटात. हा नि. ६ आहे आणि हा मी नीट पाळला.
सुनीता स्वतः आली, पेनड्राइव्ह रुमालात बांधून. हाताच्या बोटांना चिखलाने भेगा. म्हणाली, आठही बायांच्या बांधीत आता एकेक दिवस रोवायला जायचं आहे, चार झाल्या, चार राहिल्या. तिच्याकडे असंच असतं, मी तुझ्यासाठी उभी राहिले तर तू माझ्यासाठी वाक. "पन सर, मस्त झाला व्हिडिओ," म्हणाली. "पायजा तुमी."
मी पाहिला नाही.

२ ऑगस्ट
आज सगळ्यांसमोर व्हिडिओ दाखवले. भिंतीवर पांढरी चादर, सरांच्या घरचा प्रोजेक्टर. गोंदियाच्या मॅडम आल्या होत्या.
चे.चा सहावा. व्यवस्थित. आवाज स्वच्छ, कव्हरं रांगेत पुढे सरकतात, मागे प्रोग्रामच्या ओळी. मॅडमनी मान हलवली.
सु.चा नववा. नंबराचा काय उपयोग, पहिल्या वाक्यातच आवाज ओळखला सगळ्यांनी. आठ बाया बांधीत गुडघाभर पाण्यात, उंच-बुटक्या, कशाही. ती दोघीदोघींना शेजारी उभं करते, उंच असेल तिला उजवीकडे पाठवते. एका फेरीत सगळ्यात उंच बाई शेवटी पोचते. मग म्हणते, "आता हिले हात नाई लावाचा, हिचं झालं. उरल्या सात." परत फेरी. एक म्हातारी बाई जागा सोडायला तयार नाही, "मी का बुटकी हाव?" म्हणते, आणि सु. तिच्या डोक्यावर हात ठेवून मोजते. मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, एकेक ओळ, कोणती ओळ म्हणजे कोणती बाई. क्लासमधली मुलं जागेवरून उठून पाहत होती. मी हा धडा तीन वर्षं शिकवतो आहे. मला तो आज समजला, असं लिहिलं तर खोटं होणार नाही.
मॅडम म्हणाल्या, "ये तो मेरे सेकंड इयर वालों को दिखाना चाहिए."
तेव्हा चे. उठला. ओरडला नाही. "सर, नियम तीन. मला नाही म्हटलं होतं."
सरांनी नियमाचा कागद काढून आणला आणि मोठ्याने वाचला. मग सु.ला म्हणाले, "वाचला नव्हता का तू?"
ती म्हणाली, "वाचला होता. म्हनूनच दिलीप सरले इचारलं ना फोनवर. ते चालेल म्हनले."
सगळे माझ्याकडे वळले.
मी म्हटलं, "फोन कट होत होता. नीट ऐकू आलं नव्हतं."

२ ऑगस्ट, परत
फोन कट होत होता हे खरं. नीट ऐकू आलं नव्हतं हे खोटं. दोन वाक्यं शेजारी ठेवली म्हणून दुसरं खरं होत नाही.
सरांनी तिचा व्हिडिओ बाजूला ठेवला. निकाल पुढच्या शनिवारी. ती माझ्याकडे न पाहता गेली. पाहिलं असतं तर, माहीत नाही.

३ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. आईने ताट उचललं नाही, समोरच ठेवलं.
"काऊन रे, का झालं?"
सांगितलं. आई दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला जाते, कॉम्प्युटर तिने लांबून पाहिलेला. मला वाटलं तिला कळणार नाही.
"तिनं तुले इचारलं ना?"
हो.
"तू हो म्हनला ना?"
हो.
"आन त्या पोट्ट्यानं इचारलं त नाई म्हनला."
हो.
"मंग आता ताटाकडं कायले पाहून राहिला? ताटानं का केलं?"
मी म्हटलं, सर काढून टाकतील. माझ्याकडे कागद नाही, डिग्री नाही. दुसरीकडे कोण ठेवणार?
आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "थे बी खरंच हाये." आणि ताट उचललं.
तिने ओरडायला हवं होतं.

४ ऑगस्ट
क्लास उघडायच्या आधी सरांना सांगितलं. दोन्ही उत्तरं, दोन्ही तारखा, आणि शनिवारी काय खोटं बोललो ते. पाठ करून गेलो होतो तरी मधलं वाक्य विसरलो.
सर रागावले नाहीत. दार लावलं. "हे बाहेर बोलू नको. पोरीला एक प्रमाणपत्र देऊ, उत्कृष्ट प्रयत्न म्हणून. पुढच्या वर्षी येईल ती."
मी म्हटलं, पुढच्या वर्षी देवरीची जागा नसेल.
"अन् तू नसशील तर चालेल का? बाहेर गेलं ना, लोक मला विचारतील, बारावी नापास माणसाला नियम करायला का दिले. मी काय सांगू?"
मी दाराकडे वळलो.
सर मागून म्हणाले, "चेतनला एक संधी देऊन पाहा. माणसं घेऊन परत करू दे व्हिडिओ. दोघांनाही सूट, मग बरोबरी झाली ना? तो हो म्हणाला तर मी पोरीला परत घेतो."
हे मला का सुचलं नाही?

५ ऑगस्ट
चे.कडे गेलो. दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर, मुद्दाम. 'नाही' असं मी गिऱ्हाइकांसमोरच म्हटलं होतं.
त्याने पूर्ण ऐकलं. एका गिऱ्हाइकाला स्क्रीनगार्ड लावून दिला. बुडबुडा राहिला, परत काढून लावला. मग बोलला.
"आता करू? तिचं सगळ्यांनी पाहिलं. मी आता माणसं उभी केली तर म्हणतील, चेतनने नक्कल केली. माझी कल्पना आधीची होती भाऊ. आठ तारखेची. कागद कुठे आहे?"
तूच फाडलास, असं तोंडात आलं. बोललो नाही.
"आणि तिला काढा असं मी म्हटलंच नाही. मी फक्त म्हटलं, मला नाही म्हटलं होतं. ते खरं आहे का नाही?"
खरं आहे.
"मग ते शनिवारी तुम्ही का नाही बोलले?"
त्याची आई या वेळी मागे कव्हरं लावत राहिली.

६ ऑगस्ट
कच्चं करून पाहिलं.
नि. ३ कडक धरला तर सु. बाहेर. तिने विचारून केलं, तिची चूक शून्य.
सैल धरला तर सु. पहिली. चे.ने पण विचारून केलं, त्याचीही चूक शून्य. ऐकलं म्हणून हरला.
दोघांना लॅबमध्ये बसवून नवा प्रोग्राम लिहायला लावला तर चे.कडे सरावाला घरी कॉम्प्युटर, सु.कडे आठवड्याचे दोन तास. त्याला बरोबरी म्हणायची तर मी नियम करूच नयेत.
नोकरी दोघांना अर्धी अर्धी, सर हसतील.
जी बाजू भरायला जातो तिच्या दुसरीकडून गळतं. छिद्र एकच आहे आणि ते मी आहे.

७ ऑगस्ट
सर यायच्या आधी कागद चिकटवला, नियमांच्या खाली.
"नियम ३ बाबत. दि. ८ जुलै रोजी चेतन पटले यांनी दुसऱ्या व्यक्ती व्हिडिओत उभ्या करता येतील का असे विचारले. मी नाही म्हटले. दि. १४ जुलै रोजी सुनीता मेश्राम यांनी हेच विचारले. मी चालेल म्हटले. दोघांनी मी सांगितले तसेच केले. दि. २ ऑगस्ट रोजी मला नीट ऐकू आले नव्हते असे मी सांगितले, ते खरे नाही. मला ऐकू आले होते." खाली सही. पूर्ण नाव.
सर आले, वाचलं, काढलं नाही. माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. हजेरीचं रजिस्टर मात्र दुसऱ्याकडून मागवून घेतलं.
मुलं वाचत होती. एक म्हणाला, "सहीपण केली बे यानं." कौतुक की काय, कळलं नाही.

८ ऑगस्ट
सु. आली. दुपारची गाडी. बॅग न ठेवता फळ्याकडे गेली, कोणीतरी गेटवरच सांगितलं असणार. उभ्याने वाचलं. परत वरून वाचलं.
मी म्हटलं, माझी चूक झाली.
"हो," म्हणाली.
मग म्हणाली, "त्या दिवशी मी गाडीत बसून इचार करून राहिली का खरंच मीच चुकीचं आयकलं का. देवरीपर्यंत. चिचगडपर्यंत. बायाईले सांगतलं, माह्याच आयकन्यात चुकलं. थ्या म्हनल्या, एवढ्या जनी होतो ना आमी, आमाले बी त तुह्या फोनातून 'चालेल' आयकू आलं होतं."
मी तिच्यासाठी खुर्ची ओढली, ती उभीच.
"माह्या दोन बांध्या अजून राहिल्या रोवाच्या. थ्या बाया कायसाठी उभ्या राहिल्या होत्या, थे सांगा आता मी त्याईले का सांगू."
मी म्हटलं, उद्या परीक्षक बसणार आहेत, निर्णय होईल.
"थे होईल. मी दुसरं इचारून राहिली. या क्लासात काई समजलं नाई त कोनाले इचारू? कागदावर तुमचंच नाव हाये."
कॉम्प्युटर चालू करून दिला. ती बसली, तिचा धडा उघडला. तासभर एकही शंका विचारली नाही. एका ठिकाणी अडली होती, मला मागून दिसत होतं, अर्धविराम राहिला होता ओळीच्या शेवटी. सांगावं की नाही. तिने स्वतःच शोधला.

९ ऑगस्ट, सकाळी ९.४०
मॅडमचा सरांना फोन आला होता. कागदाबद्दल त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. त्या म्हणाल्या, आम्ही कोण ठरवणार, "जिसने नियम लिखा, वही आकर बताए कि नियम का मतलब क्या है. दोनों बच्चों के सामने. एक बार."
सरांनी हा निरोप दारातून दिला. वर म्हणाले, "आता कर वकिली." आवाजात राग होता, पण खुर्च्या दोनऐवजी तीन लावायला सांगितल्या. तिसरी कोणाची ते मी विचारलं नाही.
तेव्हा मला जे ठरवायचं आहे ते एवढंच. लिहिताना मला काय म्हणायचं होतं? नागपूरचे भाऊ अडवायचे होते. रेशनच्या रांगेतली आई नाही, बांधीतल्या बाया नाहीत. म्हणजे ८ जुलैचं उत्तर चुकलं आणि १४ चं बरोबर होतं. म्हणजे चे.चं नुकसान झालं आणि ते भरून काढायला माझ्याकडे काहीच नाही.
किंवा जे लिहिलं आहे तेच खरं. एकट्याने. मग सु.ने माझ्या एका शब्दावर सहा दिवस वाकून रोवलं, दोन अजून बाकी.
मनात काय होतं ते धरायचं, की कागदावर काय आहे ते?

१०.५०
दोघंही आले आहेत. बाकावर बसलेत, मध्ये एका माणसाची जागा सोडून. चे.ने नवा शर्ट घातला आहे. सु.ची पहाटेची गाडी, डोळे लाल. एकमेकांशी बोलत नाहीत, पण मी व्हरांड्यात आलो तशी दोघांनी एकदमच मान वर केली.
या वेळी दोघंही एकाच वेळी ऐकतील. आधी एकाने, मग दुसऱ्याने असं होणार नाही. निदान तेवढं.
मॅडमची गाडी आली. मी आत जाऊन म्हणणार आहे की नियम तीनचा अर्थ नागपूरचे भाऊ अडवणं एवढाच होता, ८ जुलैला चे.ला मी चुकीचं सांगितलं.